घरातल्या कोणत्या सवयी खरंच घर पोखरतात? तोलून बघायची रीत

समुपदेशनाला आलेली जोडपी पहिल्या बैठकीत ज्या सवयीवरून भांडतात, ती सवय बहुतेक वेळा त्यांच्या घराचं सगळ्यात कमी नुकसान करत असते. गादीवर टाकलेला ओला टॉवेल, टूथपेस्टचं उघडं झाकण, भुरके मारत चहा पिणं, बाथरूमचा चालू राहिलेला दिवा. खरं नुकसान करणारी सवय त्याच वेळी माझ्यासमोर, दोघांच्या बोलण्यातून चालू असते आणि तिच्याबद्दल कोणी अक्षर काढत नाही. ठाण्यात मी हे काम बरीच वर्षं करते आहे. 'संसार म्हटला की चालायचंच' हे ऐकून कान किटले आहेत. काय चालवून घ्यायचं आणि काय थांबवायचं, हे नीट ठरवता येतं.

यादी

समोरच्याच्या खुपणाऱ्या सवयींची यादी दोघांनी वेगवेगळी करा, एकमेकांना न दाखवता. 'आळशी आहे' ही सवय नव्हे, 'जेवलेलं ताट टेबलावरच सोडतो' ही सवय. 'नेहमी', 'कधीच' आणि 'अगदी आईवर गेलाय' हे यादीत नको.

जे सवयीत मोडत नाही ते वेगळं काढा

घोरताना श्वास अडकत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, त्यावर भांडून उपयोग नाही. एकाएकी वाढलेली चिडचिड, सततचं विसरणं, रात्र रात्र झोप न लागणं हेही आधी डॉक्टरांकडे. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मारहाण आणि धमक्या तोलायच्या नाहीतच. महिलांना कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. त्यात अपमान, शिवीगाळ आणि पैसे अडवून धरणं हेसुद्धा येतं. महिलांसाठी मदतीचा क्रमांक १८१. अशा ठिकाणी 'जरा समजून घे' असं सांगणाऱ्यांना घरात घेऊ नका.

तोलणं

इथे सगळे अडतात. सुरुवातीला मलाही हीच पायरी जड जायची, कारण समोरचा माणूस रडवेला होऊन सांगत असतो आणि जितकी त्याची चीड मोठी तितकं नुकसान मोठं, असं वाटून जातं. तसं नसतं. घोडबंदरच्या कोंडीत अडकून रात्री नऊला घरी पोचलेल्या माणसाला चपलांचा पसारासुद्धा असह्य होतो. त्याची चीड खरी आहे, पण ती त्याच्या थकव्याबद्दल जास्त सांगते, चपलांबद्दल कमी. म्हणून 'मला किती राग येतो' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि हे तीन विचारा.

पहिला प्रश्न: ते निस्तरतं कोण? एकच सवय दोन घरांत वेगळी भरते. कासारवडवलीच्या एका घरात दोघंही टॉवेल कुठेही टाकतात आणि दोघंही शनिवारी मशीन लावतात. तिथे टॉवेलचं वजन शून्य. ऐरोलीच्या दुसऱ्या घरात नवऱ्याचा जेवणाचा डबा रोज रात्रीपर्यंत बॅगेतच राहायचा. बायको स्वतः ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने घरी यायची, कुकर लावायची, मग त्याच्या बॅगेतून डबा काढायची. आंबलेल्या भाजीचा वास, झाकणाच्या रबरात अडकलेली हळदीची पिवळी रेघ, ती जुन्या टूथब्रशने घासून काढायची. नवरा म्हणाला, "सांगायचंस ना, मी धुतला असता." ती म्हणाली, "रोज सांगणं हे पण माझंच काम का?" त्या घरात तोलायचं होतं ते हे रोजचं सांगणं, डबा नव्हे. एकाची सवय दुसऱ्याची रोजची कामगिरी होऊन बसते तेव्हा ती किरकोळ राहत नाही.

अशा बाईला कोणी 'टाळी एका हाताने वाजत नाही' म्हणालं की मला राग येतो. डबा एकाच हाताने घासला जात होता.

दुसरा प्रश्न: परत मिळणार नाही असं काय जातं? झोप, पैसा, श्वास, मुलांचं लहानपण. 'मी घरात ओढत नाही, खिडकीत उभा राहतो' असं म्हणणाऱ्यांची सिगारेट घरात फारसा वाद घडवत नाही, कारण सगळ्यांना तिची सवय झालेली असते. पण दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं स्पष्ट म्हणणं आहे. वाशी-नेरुळच्या सिडकोच्या छोट्या घरात खिडकीतला धूर पाळण्यापर्यंत पोचतोच. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैशांचंही तेच. भाजीवाल्याशी तासभर घासाघीस करणारी सासू सगळ्यांना खुपते, पण मुलाने लपवून घेतलेलं कर्ज वसुलीचा फोन येईपर्यंत कोणाला दिसत नाही. जेवताना हातात मोबाईल असणं मी याच रांगेत बसवते. रोजचा तो अर्धा तास नंतर कुठल्याही सहलीने भरून निघत नाही.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात जड: या सवयीने समोरचं माणूस लहान होतं का? चारचौघांत चूक काढणं, 'तुला नाही कळायचं', नाक मुरडणं, पाहुण्यांसमोर 'हिचं काही मनावर घेऊ नका' म्हणून हशा पिकवणं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचं बोलणं चित्रित करून वर्षानुवर्षं त्याचा अभ्यास केला. संसार मोडण्याच्या चार खुणा त्यांनी सांगितल्या: माणसावरच घसरणारी टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं. त्यात तुच्छता सगळ्यात घातक. जोडप्यांच्या भांडणातले सुमारे ६९ टक्के विषय कधीच सुटत नाहीत, हेही त्यांनीच मांडलं. म्हणजे टॉवेलचा वाद साठीतही असू शकतो. तो कोणत्या सुरात चालतो यावर घराचं पुढचं ठरतं.

मुलं हा सूर पटकन उचलतात. एका घरात चौथीतल्या मुलाने आईला गणित विचारायचं सोडलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तिला नाही कळत." शब्द बाबांचे, हेलसुद्धा बाबांचा. आई बँकेत अधिकारी होती.

अबोलाही इथेच मोजा. आपल्याकडे अबोल्याला फार मान आहे. 'आमच्याकडे आवाज चढत नाही' असं अभिमानाने सांगणारी घरं मी पाहते, आणि त्या घरांत लोक आठवडाभर मुलांमार्फत निरोप पाठवत असतात. डोकं शांत करायला वीस मिनिटं, अर्धा तास बाजूला जाणं वेगळं, पण जाताना 'जेवण झालं की बोलू' एवढं सांगून जा आणि खरंच बोला. शिक्षा म्हणून धरलेला अबोला शिवीइतकाच जड आहे. या मतावरून मी हटणार नाही.

आता यादी पुन्हा वाचा. तिसऱ्या प्रश्नाला 'हो' आलं तर ती सवय सगळ्यात वर, मग तिचा राग येत नसला तरी. त्याखाली दुसऱ्या प्रश्नाच्या, त्याखाली पहिल्याच्या. तिन्हींना 'नाही' आलं तर ती नुसती आवडनिवड आहे. भुरके तिथेच जातात.

एकच निवडा आणि सांगा

सगळ्यात वरची एक. पाच एकदम काढल्या की समोरच्याला आपल्यावर खटला भरल्यासारखं वाटतं. 'मनातलं सगळं एकदा बोलून टाका' या सल्ल्याने मी घरं सावरलेली नाही, चिघळलेली पाहिली आहेत. दारात पाऊल टाकल्या टाकल्या बोलू नका, मुलांसमोर नको, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. जेवणानंतर तलावपाळीला एक चक्कर मारा, शेजारी शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. काय घडलं, त्याने माझं काय जातं आणि मला काय हवं, तीन वाक्यांत संपवा.

वेळ द्या

'एकवीस दिवसांत सवय बदलते' हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास सांगतो की नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. नवी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कृतीला जोडली की लवकर रुजते. ऐरोलीच्या घरात ठरलं ते एवढंच: बूट काढले की डबा सिंकमध्ये, पाणी भरून. मध्ये दोन दिवस चुकले तर पहिल्यापासून मोजू नका, टोमणा तर मारूच नका, नाहीतर हलकी सवय काढायला जाऊन जड सवय घरात येईल.

तळाच्या सवयी एकमेकांसमोर खोडून टाका. त्या पुढच्या भांडणात वापरायच्या नाहीत, असं ठरवूनच.

आणि समोरच्याच्या यादीत तुमचं जे सगळ्यात वर आलं असेल, त्याला त्या दिवशी उत्तर देऊ नका. कागद घ्या, वाचा, कळलं नसेल तेवढंच विचारा. 'पण तू पण' ने सुरू होणारं वाक्य दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकतं.