विषय खरा सांगितला की उत्तरं गोड येतात

सामाजिक मानसशास्त्रात एम.ए.चा प्रबंध करायला घेतला की पहिल्या महिन्यातच हा पेच समोर येतो. लोकांना खरा विषय सांगितला तर ते सावध होतात; नाही सांगितला तर आपण त्यांना फसवतो. संशोधनाची नीतिमत्ता अभ्यासक्रमात टीपा लिहिण्यापुरती असते. प्रत्यक्षात अभ्यासाचा आराखडा तिच्यावरच ठरतो.

माझा विषय घरभाड्यातला जातीय पूर्वग्रह. पुण्यातल्या एका सोसायटीत प्रश्नावली भरून घेत होते. एका काकांनी 'भाडेकरूची जात महत्त्वाची नाही' यापुढे 'पूर्णपणे सहमत'वर ठसठशीत खूण केली आणि पेन परत देता देता विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?" माझ्या आकडेवारीत काका पूर्वग्रहमुक्त म्हणून जमा!

बोलणं आणि वागणं यातली ही दरी जुनीच आहे. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर अडीचशे हॉटेलं आणि खानावळी फिरले, तेव्हा नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर पत्र पाठवून विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असं कळवलं. हा निबंध 1934चा. आपल्याकडे गाडी उलटी चालते: कागदावर सगळे उदार, अडवणूक दारात.

म्हणून सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा 2007चा अभ्यास जरूर वाचा. पात्रता सारखीच, फक्त नावावरून जात-धर्म वेगळा कळेल असे अर्ज त्यांनी खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं कमी आलं. कंपन्यांची संमती कोणी घेतली नव्हती. मला ते योग्यच वाटतं. नुकसान झालंच तर एक अर्ज चाळण्याइतकं, आणि विचारून हे कधीच कळलं नसतं. पण हाच न्याय शेजारच्या काकूंना लावू नका. भरती करणारी कंपनी आणि घरातलं माणूस यांच्या ताकदीत फरक असतो.

मिलग्रमचा आज्ञापालनाचा प्रयोग सगळ्यांना पाठ असतो: येल विद्यापीठ, स्मरणशक्तीच्या अभ्यासाचं निमित्त, हुकमावरून दुसऱ्या माणसाला द्यायचे विजेचे झटके (खोटे, पण देणाऱ्याला ते खरे वाटत), आणि 40पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. सहभागींना झालेल्या मानसिक त्रासावरून डायना बॉमरिंड यांनी 1964 साली घेतलेला आक्षेप मात्र फारसं कोणी वाचत नाही. त्याहून उपयोगी जेरी बर्गर यांनी केलेली त्याच प्रयोगाची पुनरावृत्ती; निबंध 2009चा. मूळ प्रयोगात 150 व्होल्टला झटके 'खाणारा' माणूस पहिल्यांदा 'मला सोडा' म्हणतो, आणि तो टप्पा ओलांडणारे बहुतेक शेवटपर्यंत गेले होते. मग पुढचा छळ कशाला? बर्गर यांनी तिथेच थांबवलं, आणि झटके खोटे होते हे लगेच सांगून टाकलं. नीतिमत्तेच्या बंधनातून पद्धत कशी सुधारते, ते इथे दिसतं.

आता कामाचं. आपल्या गाईडच्याच वर्गात प्रश्नावली वाटू नका. इंटर्नलचे गुण हातात असलेल्या सरांसमोर 'इच्छा नसल्यास भरू नका' या वाक्याला काय अर्थ उरतो? गावात सही मागितली की माणसं बिचकतात. कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन जमिनी गेल्याचं त्यांनी ऐकलेलं असतं. संमतीपत्र आधी मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांच्या विश्वासातला साक्षीदार बसवा, एक प्रत त्यांच्याकडेच ठेवा. सून बोलत असताना सासू दारात उभी असेल, तर गप्पा मारा, चहा घ्या आणि प्रश्नावली पिशवीतच राहू द्या. तसली उत्तरं तशीही कामाची नसतात.

विषय झाकून ठेवला असेल, तर शेवटी खरा हेतू सांगा आणि 'तुमची उत्तरं काढून टाकू का?' असं विचारा. नावांची यादी उत्तरांपासून वेगळी ठेवा, म्हणजे आकडेवारी मित्राच्या लॅपटॉपवर गेली तरी नावं जाणार नाहीत.

अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीला घाबरायचं कारण नाही. मला त्यांनी विचारलं, "मुलाखतीत कोणी रडायला लागलं तर?" तयारीत समुपदेशकाचा नंबर हवा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. फाईल मात्र दिवाळीच्या सुट्टीआधी द्या; नंतर बैठक लागायला नवीन वर्ष उजाडतं.