थीम पार्कात ग्लूटेनशिवाय जेवायचंय? या चुका टाळा

माझ्या लेकीला सीलिअॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की तिची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्यावर उलटते. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर ग्लूटेन टाळायचं, एवढाच उपचार. पाचव्या वर्षी निदान झालं तेव्हा जळगावच्या आमच्या घरात सगळे म्हणाले, आपल्याला काय अवघड आहे? आपण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी खाणारी माणसं. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी पोळी सणाला नाहीतर पाहुणा आला तरच व्हायची.

घरात खरंच जमलं. बाहेर नाही जमलं, आणि सगळ्यात वाईट फसलो ते राज्यातल्या एका मोठ्या थीम पार्कात. तिथे बाहेरचा डबा सहसा आत नेऊ देत नाहीत, दिवसभर चालून आणि पाळण्यांवर बसून मुलं भुकेने कासावीस होतात, आणि एकाच स्वयंपाकघरातून शेकडो ताटं निघत असतात. मी लेकीला फ्रेंच फ्राइज घेऊन दिले. बटाटा, तेल, मीठ, यात गहू येणार कुठून? संध्याकाळी परतीच्या गाडीत तिचं पोट फुगलं, रात्री उलट्या सुरू झाल्या, पुढचे चार दिवस ती अंथरुणात होती. त्या दिवशी काय चुकलं ते मी नंतर एकेक करून शोधलं. तेच इथे लिहिते आहे.

"ग्लूटेन-फ्री आहे का?" असं विचारणं

काउंटरवरच्या मुलाला मी नेमकं हेच विचारलं होतं. तो हसून म्हणाला, "हो ताई, प्युअर व्हेज आहे." तो खोटं बोलला नाही. त्याला तो शब्दच माहीत नव्हता, आणि गर्दीत "म्हणजे काय?" असं विचारायला कुणालाच सवड नसते.

आता मी स्वयंपाकघरातल्या शब्दांत विचारते. "दादा, यात कणीक, मैदा, रवा, दलिया, ब्रेडचा चुरा, यातलं काही आहे का? याच तेलात समोसा किंवा कटलेट तळता का?" असं विचारलं की समोरचा माणूस थांबतो, कढईकडे बघतो आणि खरं उत्तर देतो. दुसऱ्या खेपेला एका आचाऱ्याने स्वतःहून सांगितलं, "ताई, तेल एकच आहे, पोरीला नका देऊ." त्या एका वाक्याने आमचे चार दिवस वाचले.

शक्यतो काउंटरवर न विचारता आतल्या मुख्य आचाऱ्याला किंवा सुपरवायझरला बोलावून घ्या. पैसे घेणाऱ्याला कढईत काय चाललंय ते दिसत नसतं.

"जैन मिळेल का?" हा प्रश्न इथे कामाचा नाही. जैन जेवणात कांदा-लसूण आणि कंदमुळं नसतात, पोळी मात्र असते. "उपवासाचं आहे का?" हा प्रश्न खूप बरा, कारण साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणा, बटाटा यांत ग्लूटेन नसतं आणि उपवास म्हणजे काय हे आपल्याकडच्या प्रत्येक आचाऱ्याला कळतं. पण आजाराचं न सांगता नुसतं "उपवास आहे" म्हणून भागवू नका. उपवासाची साबुदाणा खिचडी वेगळ्या भांड्यात होते, साबुदाणा वडा मात्र पुष्कळदा समोशाच्याच तेलात पडतो.

पदार्थ बघणं आणि भांडं न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फ्राइजच्या स्टॉलवर मी परत गेले आणि जरा बाजूला उभी राहून पाहिलं. जाळीची टोपली तेलातून वर आली, फ्राइज झटकले गेले, आणि तीच टोपली लगेच ब्रेडच्या चुऱ्यात घोळलेली कटलेटं घेऊन खाली गेली. तेलावर समोशाचे तपकिरी पापुद्रे तरंगत होते. लेकीच्या बटाट्याला चिकटून गहू आला होता तो असा. काही गोठवलेल्या फ्राइजना कुरकुरीतपणासाठी पिठाचा पातळ लेपही असतो, तेव्हा पिशवीवरची घटकांची यादी दाखवा म्हणायला लाजू नका.

एवढ्या गरम तेलात सगळं जळून जात असेल, असं मला पुष्कळांनी सांगितलं. जंतू मरतात, ग्लूटेन जात नाही. आपल्या देशात एखाद्या पदार्थावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. पोळीचा एक कण किती जड असेल याचा अंदाज घ्या, म्हणजे ही मर्यादा केवढी बारीक आहे ते लक्षात येईल.

डोसा तांदूळ-उडदाचा असतो, पण त्याच तव्यावर आत्ताच रवा डोसा किंवा पराठा झालेला असतो. फ्राइड राइस तांदळाचाच, पण ज्या कढईत नूडल्स परतल्या त्याच कढईतला, आणि वर सोया सॉस. बऱ्याच सोया सॉसमध्ये गहू असतो. पनीर टिक्का ज्या तंदूरमध्ये जातो त्याच्या भिंतीला नान चिकटलेले असतात. ग्लूटेन-फ्री पिझ्झा मिळाला तरी तो मैदा भुरभुरलेल्या फळीवरून भट्टीत जातो आणि सगळ्यांच्याच कटरने कापला जातो. आइस्क्रीम कपात घेतलं तरी चमचा कोनवाल्या आइस्क्रीममधून फिरून आलेला असतो. म्हणून कंपनीचं बंद कप किंवा कांडीचं आइस्क्रीम घ्यावं, आणि तेही मागची यादी वाचून, कारण बिस्किटाचा चुरा आणि माल्ट कशातही निघतात. माल्ट म्हणजे बहुधा जव. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींमध्येही तो असतो.

"आपलं महाराष्ट्रीयन जेवण सुरक्षित" असं समजणं

खान्देशी माणसाची ही खास चूक, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पार्कात महाराष्ट्रीयन थाळीचा फलक दिसला की आपला जीव भांड्यात पडतो. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, अजून काय हवं? पण हॉटेलात भाकरी तुटू नये म्हणून पिठात मूठभर कणीक मिसळतात, आणि थापताना हाताशी असेल तेच पीठ लावतात. ते गव्हाचं निघतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतोच. शेवभाजीतली शेव बेसनाची, पण रस्सा दाट करायला काय घातलं ते विचारावं लागतं. वरण-बट्टीतली बट्टी तर गव्हाचीच. पातोडी, भरीत, साधा भात, ताक यांच्याकडे मी आधी वळते, आणि तिथेही हिंगाचं विचारते. बाजारातला बांधणी हिंग हा हिंगाचा डिंक आणि पीठ मिसळून केलेला असतो. काही कंपन्या त्यात तांदळाचं पीठ घालतात, पुष्कळ जणी गव्हाचं. फोडणीतल्या चिमटीने किती फरक पडतो यावर वाद होतील. मी लेकीच्या पानात तो येऊ देत नाही.

हीच गफलत घरच्या डब्यातही होते. चक्कीवर आपल्या ज्वारीच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, आणि जात्यात राहिलेली कणीक आपल्या पिठात उतरते. निदानानंतर सहा महिने लेकीचं वजन वाढत नव्हतं. कारण सापडलं ते चक्कीवर. आता आम्ही घरघंटी घेतली आहे आणि तिच्यात गहू कधीच जात नाही. बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, ज्वारीचे असले तरी कुणाकडून आणले ते पाहते, कारण काही घरी गव्हाचेही करतात. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच, त्यांचं नावही घेत नाही.

डब्याचं आधी न विचारणं

गेटवर बॅग तपासणाऱ्याशी वाद घालून काही निघत नाही, त्याच्या हातात काही नसतं. जायच्या आठ-दहा दिवस आधी पार्काला ईमेल करा. आजाराचं नाव, मुलाचं वय, भेटीची तारीख आणि डबा आत नेण्याची परवानगी, एवढंच लिहा. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून प्रमाणपत्रासोबत पर्समध्ये ठेवा, मोबाइलवर विसंबू नका. आम्हाला लेखी परवानगी मिळाली तेव्हा गेटवर दोन मिनिटंही थांबावं लागलं नाही.

डब्यात आम्ही दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या दशम्या नेतो. दूध घातल्याने त्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ-तूप, उकडलेली अंडी. भरीत नेऊ नका, उन्हात लवकर आंबतं. केळी मात्र हवीतच. रावेर-यावलकडच्या केळ्यांवर वाढलेल्या आमच्या मुलांना ते काही अप्रूप नाही, पण रांगेत ताटकळताना पोटाला आधार देणारं आणि सालीमुळे कुणाचा हात न लागलेलं दुसरं फळ मला सुचत नाही. केळीचे वेफर्स घ्यायचे तर ज्या दुकानात फक्त वेफर्सच तळतात तिथून. फरसाणवाल्याच्या कढईत शंकरपाळेही तळलेले असतात.

जेवायला बसताना टेबलावर स्वतःचं स्वच्छ फडकं अंथरा आणि मुलाचे हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, चिकटलेलं पीठ निघत नाही.

दुपारी एकला जेवायला जाणं

आतलंच खायचं असेल तर साडेअकराला जा. तेव्हा तवे धुतलेले असतात, आचारी मोकळा असतो, आणि "माझ्यासाठी वेगळा तवा घ्याल का?" हे ऐकून घ्यायला त्याला वेळ असतो. एक वाजता तोच भला माणूस काहीही ऐकू शकत नाही.

सोबतच्या माणसांना न सांगणं

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. नातीचं तोंड पाहून त्यांचा जीव कळवळला. "एक घास खादा तं काय व्हई?" म्हणत त्यांनी सँडविचचा तुकडा पुढे केला. माया होती ती. त्यांना समजावताना डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट उपयोगी पडली. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध दाखवून दिला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेना, आणि हीच आजारी मुलं सुधारली. ब्रेड परत आला तशी पुन्हा खंगली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. सासूबाईंनी हे ऐकलं, आणि आता शेजारणींना त्याच सांगतात.

शाळेची सहल असेल तर वर्गातल्या एकाच बाईंना किंवा सरांना जबाबदारी द्या आणि काय चालतं, काय नाही ते कागदावर लिहून द्या. सगळ्यांना सांगितलं की कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तपासणीआधीच गहू बंद करणं

सहलीनंतर मुलाचं पोट बिघडलं म्हणून कुणी गहू सोडवला, बरं वाटलं, आणि मग डॉक्टरकडे गेले, असं दोन घरी झालेलं मला माहीत आहे. गहू बंद असताना टीटीजी ही रक्ततपासणी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्ही चुकून नॉर्मल येऊ शकतात. आधी तपासणी, मग पथ्य. आणि ज्या घरात एकाला सीलिअॅक आहे तिथे आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, कारण जवळच्या नात्यात तो निघण्याची शक्यता जास्त असते.

आणि तरीही पोटात गेलंच तर

घाबरून उलटी काढायला लावू नका. गेलेलं ग्लूटेन निष्प्रभ करणारं औषध नाही, आणि पचनाच्या गोळ्या देऊन "आता चालेल" असं तर मुळीच समजू नका. मुलाला सावलीत बसवा, ओआरएस घोटाघोटाने द्या, त्या दिवसापुरते पाळणे बंद. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा मूल सुस्तावलं असेल तर पार्काच्या प्रथमोपचार कक्षात थांबून न राहता दवाखाना गाठा. ओठ-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर ती गव्हाची अॅलर्जी असू शकते. तो वेगळा आजार आहे आणि तिथे एक मिनिटही दवडायचं नाही.

मूल झोपलं की त्याच रात्री वहीत लिहून ठेवा: कुठला स्टॉल, काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला. पुढच्या वेळी विचारायचे प्रश्न तिथेच सापडतात. आमच्या वहीत गेल्या हिवाळ्यातल्या पानावर लेकीने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: "पावणेबारा. डोसेवाल्या काकांनी नवा तवा काढला. सांबार नाही, नारळाची चटणी. दोन डोसे. पोट ठीक. पाण्याच्या घसरगुंडीवर सहा वेळा."