रुळांची पकड ढिली का पडते? क्लिप, लायनर आणि रबर पॅडच्या या चुका टाळा

उन्हाळ्यात कुठे रूळ वाकल्याची बातमी आली की दोष उन्हाला दिला जातो. ऊन तर दरवर्षीच पडतं. तिथे रूळ, स्लीपर (रुळाखालचे आडवे आधार) आणि खडी यांनी एकमेकांना किती घट्ट धरलं होतं, हे आधी पाहायला हवं.

दर मीटरला ६० किलो वजनाचा रूळ घ्या. त्याचं तापमान एक अंशाने वाढलं आणि त्याला लांब व्हायला जागाच नसली, तर त्यात साधारण १.९ टन दाब तयार होतो. लांब वेल्डेड रूळ (सांधे वेल्ड करून सलग केलेला) ज्या तापमानाला ताणमुक्त करून, म्हणजे मोकळा सोडून आतला ताण काढून, बसवलेला असतो, त्याच्या २० अंश वर गेला की हा दाब एका रुळात ३८ टनांच्या घरात जातो. भुसावळ-अकोला पट्ट्यात मे महिन्याच्या दुपारी एवढा फरक पडणं काही विशेष नाही, कारण उन्हातलं पोलाद हवेपेक्षा १५-२० अंशांनी जास्त तापतं. हा दाब रुळातच कोंडून ठेवायचा, त्याला टोकाकडे पळू द्यायचं नाही की बाजूला फुगू द्यायचं नाही, हे काम स्लीपरवरची पकड आणि खडी मिळून करतात. शिवाय गाडीच्या चाकांखाली रुळात लाट पुढे सरकत असते, ब्रेक लागतात, इंजिन जोर लावतं, घाटात उतार खाली ओढत असतो. भोर घाटात आणि कसारा घाटात ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तिथे रुळाला सतत खाली घसरायचं असतं.

सिमेंटच्या स्लीपरवर रुळाची एक बैठक कशी असते ते आधी पाहू. रुळाच्या दोन्ही बाजूंना स्लीपरमध्ये ओतीव लोखंडाचा एकेक इन्सर्ट, म्हणजे क्लिप अडकवायचा भोकाचा तुकडा, पक्का रोवलेला असतो. रुळाच्या तळाखाली खाचा असलेला रबर पॅड असतो. रुळाच्या पायाच्या, म्हणजे तळच्या रुंद पट्टीच्या, दोन्ही कडांवर लायनर (क्लिप आणि रूळ यांच्यामधले तुकडे) बसतात, नायलॉनचे किंवा लोखंडी. आणि इन्सर्टच्या भोकात घुसवलेली स्प्रिंग स्टीलची वळणदार क्लिप आपल्या टोकाने लायनरवर दाब देते. नॉर्वेचे इंजिनिअर पेर पांडे-रॉल्फसन यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना काढली आणि त्यांच्या नावावरूनच पँड्रोल हे नाव आलं. आपल्याकडे रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये तिला सर्रास पेंड्रोल क्लिप म्हणतात. किलोमीटरला १६६० स्लीपर आणि दर स्लीपरला ४ क्लिपा, म्हणजे एका किलोमीटरमध्ये एकाच मार्गावर ६६४० क्लिपा झाल्या.

क्लिप जागेवर आहे, म्हणजे पकड आहे असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या बहुतेक चुका हिच्यातूनच निघतात. पाहणी करताना क्लिपा मोजल्या जातात. एखादी गायब असेल तर लिहिली जाते, लावली जाते. पण जागेवर असलेली क्लिप किती दाब देते आहे, हे डोळ्यांनी दिसत नाही. मार्क-३ या प्रकारच्या क्लिपचा टोकावरचा दाब, ज्याला रेल्वेत टो-लोड म्हणतात, ८५० ते ११०० किलो असायला हवा, आणि तो क्लिपचं टोक साधारण १३.५ मिलिमीटर उचललं गेलं तरच मिळतो. ढोबळ भागाकार केला तर प्रत्येक मिलिमीटरमागे ७० किलोच्या आसपास दाब. आता रबर पॅड चेपून दोन मिलिमीटर पातळ झाला, लायनर अर्धा मिलिमीटर झिजला, तर क्लिप बदललेली नाही, हललेली नाही, तरी तिचा पावणेदोनशे किलो दाब गेला. वरून पाहणाऱ्याला ती पहिल्या दिवसासारखीच दिसते.

म्हणून टो-लोड मोजायचं यंत्र वापराच. ते कार्यालयाच्या कपाटात असून उपयोग नाही. नमुन्याला घेतलेल्या क्लिपा सोयीच्या जागेवरच्या नसाव्यात. वळणावरच्या, स्टेशनात गाडी थांबते तिथल्या, बोगद्यातल्या आणि पुलाच्या तोंडाच्या क्लिपा मुद्दाम घ्या. दाब कमी निघाला तर लगेच नव्या क्लिपा मागवू नका. एक बैठक उघडून पाहा.

पॅड न पाहता क्लिप बदलणं

बैठक उघडली की गोष्ट समोर येते. चांगल्या पॅडच्या खाचा स्पष्ट दिसतात, बोट फिरवलं की कडा लागतात. थकलेल्या पॅडवर खाचा सपाट झालेल्या असतात, एका बाजूने रबर पसरून रुळाबाहेर डोकावत असतं, कधी कोपरा फाटून खडीच्या धुळीशी एक झालेला असतो. काही ठिकाणी पॅड चालत चालत स्लीपरच्या एका कडेला आलेला असतो आणि अर्धा रूळ थेट सिमेंटवर टेकलेला असतो. अशा बैठकीत नवी क्लिप ठोकली की आठवडाभर बरं वाटतं. पॅड तसाच असेल तर ती क्लिपही ढिली पडणार, आणि चाकाचा मार थेट स्लीपरला बसून रुळाखालचं सिमेंट झिजायला लागणार. ती झीज झाल्यावर मग नवा पॅडही नीट बसत नाही.

पॅड बदलताना नियम पाळा. पॅड बदलायला रूळ उचलावा लागतो, म्हणून एका वेळी एकाच स्लीपरचं काम करायचं. एकापेक्षा जास्त ठिकाणी उघडायचं असेल तर मध्ये किमान ३० स्लीपर पूर्ण बांधलेले हवेत, आणि कामावर गँगचा मुकादम हवा. रूळ न उचलता होणाऱ्या कामाला, म्हणजे क्लिप किंवा लायनर बदलायला, हे अंतर किमान १५ स्लीपरचं आहे आणि देखरेख कीमनची (रुळावरून रोज पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची) चालते. वेळ वाचवायला ओळीने सात-आठ स्लीपर उघडले जातात, तेही भर दुपारी. लांब वेल्डेड रुळाला ते फार धोक्याचं आहे. तापमान मोजूनच हात लावा, आणि तापमापी रुळाच्या सावलीच्या बाजूला ठेवा.

हातोड्याने जास्त ठोकणं

क्लिप किती आत जायला हवी? तिच्या इन्सर्टमधल्या दांडीचं टोक इन्सर्टच्या तोंडाशी समपातळीत यायला हवं, एवढंच. पुष्कळ ठिकाणी ‘अजून एक घाव म्हणजे अजून घट्ट’ असा समज असतो. जास्त आत गेलेली क्लिप लायनरच्या मध्यावर न बसता बाजूला टेकते. लायनर तिरपा होतो, सरकतो, नायलॉनचा असेल तर कोपऱ्यात तडकतो. दाबही कमीजास्त होतो. कमी आत गेली तरी तेच, वर गाडीच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर यायला लागते.

शेवटचे घाव हलके मारा. नेम चुकून घाव इन्सर्टवर बसला तर सिमेंटला बारीक तडा जातो. तो त्या दिवशी दिसत नाही, पण पावसाचं पाणी आत शिरतं आणि इन्सर्ट हलायला लागतो. हललेल्या इन्सर्टमध्ये कोणतीही क्लिप पकड देणार नाही. काढतानाही क्लिप काढायचं हत्यार वापरा. अडकलेली क्लिप गॅसने तापवून काढली, तर ती परत लावू नका. तापवलेल्या स्प्रिंग स्टीलची लवचीकता गेलेली असते.

ग्रीस न लावणं, किंवा वरवर लावणं

किनाऱ्याच्या भागात हा विषय जिव्हाळ्याचा आहे. मुंबईच्या खाड्यांवरचे रूळ, वसईकडचा पट्टा, कोकण रेल्वेचे झिरपणारे बोगदे (एकटा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे) इथे गंज वर्षभर काम करत असतो. क्लिप इन्सर्टमध्ये गंजून बसली की दोन गोष्टी होतात. ती निघत नाही, त्यामुळे पॅड-लायनर बदलताच येत नाहीत, आणि ताणमुक्तीच्या वेळी रूळ मोकळा करता येत नाही. शिवाय गंजाने दांडी बारीक होत जाते.

नियमाने गंजाच्या भागात वर्षातून एकदा आणि इतरत्र दोन वर्षांतून एकदा क्लिप काढून, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून, ग्रॅफाइटचं ग्रीस लावून परत बसवायची असते. ग्रीस लागायला हवं ते दांडीला आणि इन्सर्टच्या भोकाच्या आत. क्लिप न काढता वरून फासलेलं ग्रीस पाहणीत चकचकीत दिसतं आणि धूळ धरतं, बाकी काही करत नाही. हे काम घाईने उरकण्यापेक्षा कमी स्लीपरचं करा, पण पूर्ण करा.

इथेच रुळाच्या पायाकडेही पाहा. लोखंडी लायनरखाली ओल साचून रुळाच्या कडेवर खळगा पडतो. दोन लायनरच्या मधला रूळ धडधाकट दिसतो आणि बरोबर लायनरखाली तो खाल्लेला असतो. रूळ तुटण्याची सुरुवात अशा जागेवरून होऊ शकते. लायनर काढला की ती जागा खरवडून, रंग देऊन, ग्रीस भरूनच बंद करा. पूर्वी डब्यांतला मैला रुळावर पडायचा, तेव्हा आतल्या बाजूचे लायनर फार लवकर जायचे. बायोटॉयलेट आल्यावर तो त्रास बराच कमी झाला, पण त्या काळात खाल्ले गेलेले रूळ आणि इन्सर्ट काही ठिकाणी अजून आहेत.

लायनर बदलताना आणखी एक: ट्रॅक सर्किट (रुळातून वीज सोडून गाडी आहे का हे ओळखणारी यंत्रणा) असलेल्या भागात नायलॉनच्या लायनरच्या जागी हाताशी आला म्हणून लोखंडी लायनर टाकू नका. विजेची गळती झाली तर सिग्नल विनाकारण लाल होतो, आणि दोष शोधण्यात सिग्नलवाल्यांचा दिवस जातो. आणि फिशप्लेटच्या (दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्टीच्या) सांध्यावर नेहमीची क्लिप फिशप्लेटला अडते. तिथे जे-क्लिप लागते. ती नसेल तर मागवा, नेहमीची वाकडीतिकडी बसवून वेळ मारून नेऊ नका.

रूळ सरकतोय, पण कशावरून?

इथे निदान चुकलं की सगळी मेहनत वाया जाते. रूळ दोन प्रकारे सरकतो. एक, रूळ स्लीपरवरून घसरतो. दोन, रूळ स्लीपरला घेऊन खडीतून सरकतो. पहिल्यात रुळाच्या पायावर लायनरजवळ घासल्याची चकचकीत खूण दिसते, लायनर एकाच दिशेला ढकललेले असतात. दुसऱ्यात क्लिप आणि लायनर जागच्या जागी असतात, पण स्लीपरच्या एका बाजूला खडी आणि स्लीपर यांच्यात फट आणि दुसऱ्या बाजूला खडीचा ढीग दिसतो. कधी स्लीपर तिरके झालेले असतात, म्हणजे दोन रूळ वेगवेगळे सरकत आहेत.

पहिल्या प्रकाराचा इलाज बैठकीत आहे. दुसऱ्याचा इलाज खडीत: स्लीपरमधल्या जागा भरा, खांद्याला, म्हणजे स्लीपरच्या टोकांबाहेर, पुरेशी खडी ठेवा, स्लीपरखाली खडी ठासून पॅकिंग करा. दुसऱ्या प्रकारात हजार नव्या क्लिपा लावल्या तरी रूळ सरकायचा थांबत नाही, उलट घट्ट धरलेले स्लीपर तो आणखी जोराने ओढतो. आणि सरकलेला रूळ नुसता मागे ढकलून समाधान मानू नका. कारण तसंच राहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात तो परत तिथेच येणार.

किती सरकला हे अंदाजाने सांगू नका. रुळाच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खांब रोवलेले असतात. त्यांच्यामध्ये दोरी ताणून रुळावरच्या छिन्नीच्या खुणेपासून अंतर मोजायचं, दोन्ही रुळांचं वेगळं, आणि वहीत तापमानासकट लिहायचं. फिशप्लेटच्या मार्गावर १५० मिलिमीटरच्या वर सरकू द्यायची परवानगी नाही. खांब हलला असेल तर मापन फसवं येतं, म्हणून आधी खांब तपासा.

लाकडी स्लीपर आता क्वचित दिसतात. ते जिथे अजून आहेत तिथे दोनच गोष्टी सांगतो. खिळा भोक न पाडता ठोकला की लाकूड उभं फाटतं, आणि ढिल्या झालेल्या जुन्या भोकात डांबरात बुडवलेली लाकडी गुल्ली न भरता परत खिळा मारला तर तो महिनाभरही टिकत नाही. रुळाला अँकर (रूळ सरकू नये म्हणून त्याच्या पायाला लावलेली पकड) लावले असतील तर ते स्लीपरला टेकलेलेच हवेत, आणि एकाच स्लीपरवर दोन्ही रुळांना हवेत. एकाच रुळाला लावलात तर स्लीपर तिरका होणार.

जिथे घट्ट धरायचंच नसतं

खडी नसलेल्या गर्डर (लोखंडी तुळईच्या) पुलांवर उलटी चूक होते. गर्डर स्वतः तापून लांब होतो आणि रूळ वेगळ्या प्रमाणात. दोघांना एकत्र जखडलं तर पुलाच्या बेअरिंगवर (गर्डरखालच्या टेकूवर) आणि रुळावर नको तो जोर येतो. म्हणून लांब वेल्डेड रूळ अशा पुलावरून नेताना रूळ गर्डरवर मोकळा सरकेल अशी बांधणी वापरतात. ती रुळाला बाजूला हलू देत नाही, पण लांबीच्या दिशेने अडवत नाही. पुलावर क्लिपा ढिल्या दिसल्या म्हणून कोणी उत्साहाने नेहमीच्या क्लिपा ठोकून घट्ट करून टाकतो. असं करण्याआधी पुलाचा नकाशा पाहा आणि वरिष्ठांना विचारा.

रुळाशेजारून जाणाऱ्या सामान्य माणसासाठीही थोडं. एखादी क्लिप निघालेली दिसली म्हणून गाडी घसरेल असं नाही, शेजारचे स्लीपर रूळ धरून असतात. पण सलग दोन-तीन स्लीपरवर क्लिपा नसतील, किंवा कोणी त्या काढताना दिसलं, तर स्वतः रुळावर उतरू नका. जवळच्या स्टेशन मास्तरांना किंवा फाटकवाल्याला सांगा, नाहीतर १३९ वर फोन करा. जागा सांगताना शेजारच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा वाचून सांगा, त्यावरून कीमन थेट त्या स्लीपरवर पोहोचतो.