लाकडी फळ्या बसवताय? जिना आधी धरा

सागवानी फळ्या वखारीतून आणल्या की त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून पंधरा दिवस रचून ठेवा. स्लॅबवर दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवून २४ तासांनी उचला. खाली घाम दिसला तर काम थांबवा. बेळगाव-खानापूर पट्ट्यात दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सर्वांत बरे. भर पावसात बसवलेली जमीन एप्रिलात फटी दाखवते, एप्रिलात घट्ट बसवलेली श्रावणात फुगून उचलते. स्लॅबवर १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय अँकरनं पक्का करा.

खरी गोम जिन्यात आहे. पलीकडच्या भिंतीपासून फळ्या टाकत आलं की जिन्याच्या तोंडाशी दोन बोटांची चिरफळी उरते. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मारून काम झाकतात. जिथं दिवसभर टाच पडते तिथंच सगळ्यांत कमजोर तुकडा! भिंतीपासून सुरू करा, असा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. काम जिन्यापासून सुरू करून भिंतीकडे न्या.

पहिल्यांदा पायरीची उभी फळी लावा, मग तिच्यावर नोजिंग, म्हणजे पायरीच्या कडेची पुढं आलेली लाकडी पट्टी. पुढं आलेली कड उभ्या फळीच्या तोंडापासून मोजा, सिमेंटपासून नव्हे. ८ ते १० सूत पुरे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). खाली पीयू (पॉलियुरेथेन) ग्लू सलग, वरून दर ९ इंचांवर स्क्रू, आणि स्क्रू प्लायमधून थेट स्लॅबमध्ये रावल प्लगवर (स्क्रू पकडायला भोकात ठोकायची गुल्ली). भोक स्लॅबच्या कडेपासून निदान दोन इंच आत घ्या, नाहीतर काँक्रीटचा टवका उडतो आणि प्लग पकडत नाही. स्क्रूची डोकी बुडवून वर भोक बुजवायला सागवानाच्या गुल्ल्या ठोका. नोजिंगला मागं खाच हवी. पहिल्या फळीचीही खाचच समोर येत असेल तर दोन्हींत सुटी जीभ, म्हणजे दोन्ही खाचांत शिरणारी पातळ पट्टी, ग्लू लावून बसवा. इथं फट ठेवायची नाही. फळी रुंदीत हलते, लांबीत जवळजवळ नाही. ती सगळी हालचाल समोरच्या भिंतीकडे जाऊ द्या. तिथं ४ सूत मोकळे सोडा, स्कर्टिंग झाकतं.

आता उंची. १२ मिमी प्लाय आणि १८ मिमी फळी म्हणजे वरची जमीन ३० मिमी चढली. पायऱ्या तशाच ठेवल्या तर शेवटची पायरी सव्वा इंच उंच होते आणि पाहुणा तिथंच अडखळतो. दोन पायऱ्यांत ३ सुतांपेक्षा जास्त फरक नको. म्हणून प्रत्येक पायरीवर तेवढाच ३० मिमी थर द्या. खालच्या मजल्यावर शहाबादीच राहणार असेल तर पहिली पायरी उंच होते. हा हिशेब फळी कापण्याआधी करा. नंतर उपाय नाही.

कुणी हौसेनं फायरप्लेस बांधली असेल तर तोंडासमोर १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच दगडच ठेवा. तोंड ६ चौरस फूट किंवा त्याहून मोठं असेल तर २० आणि १२ इंच. दगडाभोवती ४५ अंशांत कापलेल्या पट्ट्यांची चौकट करा, कोपरे आधी टाकाऊ तुकड्यांवर जुळवून बघा, कारण या दगडाचा कोपरा गुनियात (नेमक्या काटकोनात) क्वचितच असतो. दगड आणि लाकूड यांत ३ सूत फट सोडून कॉर्कची पट्टी दाबा. मिस्त्री तिथं पांढरं सिमेंट भरायला येईल. त्याला भरू देऊ नका. पहिल्याच पावसाळ्यात ते फुटून वर येतं.