दोन दोऱ्यांचा पतंग सारखा एकाच बाजूला का कोसळतो? या चुका टाळा

मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर माझा पहिला स्टंट काइट सलग तीन संध्याकाळी तोच एक खेळ करत होता. वर चढायचा, डावीकडे गिरकी घ्यायचा आणि धप्पकन वाळूत नाक खुपसून उभा राहायचा. मी कन्नी वर सरकवली, खाली सरकवली, कांड्या काढून परत घातल्या, मनातल्या मनात पतंग बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. चौथ्या दिवशी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून विडी पीत बसलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते, ते म्हणाले, "रे झिला, दोन्ही दोऱ्यो सारख्यो आसत काय ता बघ आदी."

घरी येऊन मोजल्या. डावी दोरी चार बोटं आखूड.

रापणीला दोन बाजूंना दोन दोर, दोन टोळ्या, एक टोळी पुढे गेली की जाळं वाकडं येतं आणि मासळी निसटते, हे आयुष्यभर बघितलेल्या माणसाला जे लांबून दिसलं ते मला दोऱ्यांच्या टोकांचे पट्टे हातात धरून कळलं नाही. तेव्हापासून कोणी पण फोन करून सांगितलं की पतंग एकीकडेच पळतो तर माझा पहिला प्रश्न दोरीचाच असतो, आणि बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगतो. हा संक्रांतीचा पतंग नाही. कामट्यांच्या जागी कार्बन किंवा फायबरच्या कांड्या, कागदाऐवजी रिपस्टॉप नायलॉनचं कापड, आणि फिरकी नाही, ढील नाही, पेच तर अजिबात नाही. दोरी ठरलेल्या लांबीची, साधारण 20 ते 30 मीटर, एक डाव्या हातात एक उजव्या. उजवा ओढला की उजवीकडे वळतो. इंग्लंडच्या पीटर पॉवेलने 1972 मध्ये असला दोन दोऱ्यांचा पतंग आणला आणि मग याचं वेड पसरलं. पुढे चार दोऱ्यांचे पण आले, त्यांच्यावर शेवटी बोलू.

दोऱ्या मोजायच्या कशा

अंदाजाने नाही, आणि हाताच्या वावेने तर मुळीच नाही. दोन्ही दोऱ्यांची एक एक टोकं एकाच खिळ्याला किंवा गेटच्या कडीला अडकवा, पंचवीस मीटर मागे जा, दुसरी टोकं एकत्र धरून चांगला ताण द्या, म्हणजे दहा-बारा किलोची पिशवी उचलल्यासारखा, आणि मिनिटभर धरून ठेवा. मग बघा दोन्ही लूप एका रेषेत येतात का. 1 सेंटीमीटरचा फरक सुद्धा पतंगाला कळतो. जी दोरी लांब असेल तिच्या टोकाच्या लूपमध्ये थोडं मागे सरकून एक नवीन गाठ मारा की झाली बरोबर. आखूड दोरी ओढून ओढून लांब करायला जाऊ नका. वाळूत खुंटी ठोकून हे करायचा प्रयत्न केला तर खुंटीच उपटून हातात येते, मी केलंय, माडाचं खोड बरं.

नवीन दोऱ्या पहिल्या चार-पाच दिवसांत थोड्या ताणल्या जातात आणि दोन्ही सारख्याच ताणल्या जातील असं नाही, म्हणून आठवड्याने परत एकदा मोजायच्या. दुकानातून आल्या म्हणजे सारख्याच असणार हे तर डोक्यातून काढूनच टाका.

तरी खात्री नाही की दोष दोरीत आहे का पतंगात? मग दोऱ्या आख्ख्या बदलून बघा, म्हणजे डावी दोरी पट्ट्यासकट उजवीकडे आणि उजवी डावीकडे, दोन्ही टोकं. हात कमरेशी घट्ट धरून सरळ वर सोडा. आधी डावीकडे पळत होता आणि आता उजवीकडे पळायला लागला तर दोरी. अजून पण डावीकडेच जातोय तर पतंग. या टेस्टला एक रुपया लागत नाही पण लोक आधी कन्नीच सोडायला बसतात.

तंगूस आणि मांजा, दोन्ही नको

आपल्याकडे घरात तंगूस पडलेलाच असतो, गळाने मासे धरायला वापरतो ती नायलॉनची दोरी, आणि मनात येतं की एवढी महागाची दोरी कशाला. पण तंगूस ताणाखाली रबरासारखा लांबतो. तुम्ही हात ओढता, आधी तंगूस लांबतो, पतंगाला निरोप उशिरा पोचतो, तोपर्यंत तो वाळूत. या पतंगांना डायनीमा किंवा स्पेक्ट्रा नावाची दोरी लागते, ती जवळजवळ ताणतच नाही आणि गुळगुळीत असते.

पण तिची एक नाजूक बाजू आहे, ती 150 अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे दुसऱ्या कसल्या दोरीवर जोरात घासली की घर्षणाच्या उष्णतेनेच तुटते. म्हणून शेजारी पोरं साधे पतंग उडवत असतील तर लांब जा. आणि या दोरीला तशीच गाठ मारू नका, एक तर ती निसटते नाही तर गाठीतच दोरी कमजोर होते, टोकाला विणलेली जाड नळी म्हणजे स्लीव्ह घालून तिचा लूप करतात तो करा. पतंगाला जोडताना लूप स्वतःमधूनच ओवून फास करायचा आणि ब्रायडलच्या म्हणजे कन्नीच्या शेपटीवरच्या गाठीमागे घट्ट बसवायचा. सोडवायला पण सोपं पडतं.

मांजाबद्दल तर काय बोलू. काचेचा मांजा लावून दोन दोऱ्यांचा पतंग उडवायला निघालेला एक महाभाग मी तारकर्लीला बघितलाय. पतंगाने एक गोल मारला, दोऱ्या एकमेकींवर आल्या, एकीने दुसरीला कापलं, संपला खेळ. नायलॉनच्या आणि बाकी सिंथेटिक मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातलेलीच आहे, आणि किनाऱ्यावर लोकांच्या मानेच्या उंचीला दोरी फिरत असते हे लक्षात घ्या. साधी डायनीमा सुद्धा ताणलेली असताना बोटाने पकडायची नाही, कापते.

वारा बघायला शिका

ही चूक सगळेच करतात आणि आम्ही कोकणातले असून पण करतो. सकाळी गर्दी नसते म्हणून सातला पतंग घेऊन किनाऱ्यावर. पण सकाळी वारा असतो तो जमिनीवरून समुद्राकडे, मतलई. एक तर तो मंद आणि वर माड-सुरूच्या बनातून गाळून आलेला. झाडांच्या उंचीच्या सात-आठ पट अंतरापर्यंत तरी वारा खळबळलेला राहतो, माड पंधरा मीटरचा धरला तर शंभर मीटरच्या पुढे गेलं हे अंतर, एवढा रुंद आपला किनारा कुठे आहे? पतंग क्षणात ताणतो क्षणात लुळा पडतो आणि पडला तर थेट पाण्यात. तुम्हाला वाटतं आपल्याला जमत नाही, पण त्या वाऱ्यात कोणालाच जमत नाही.

दुपारी दोन-तीननंतर खारा वारा सुरू होऊ द्या. समुद्रावरून येतो त्यामुळे मध्ये अडवायला काही नाही, एकसारखा. उन्हाळ्यात तो बऱ्याचदा वायव्येकडून येतो म्हणजे तारकर्लीसारख्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर. तेव्हा मालवणच्या अंगाला उभं राहून देवबागच्या दिशेला म्हणजे दक्षिणेकडे पतंग सोडायचा, पुढे नुसती वाळू. वारा थेट पश्चिमेचा असेल तर पाठ समुद्राला आणि पतंग सुरूच्या बनाकडे जातो, मग आधी मागची विजेची तार कुठे आहे ते बघून घ्या. तारेच्या जवळपास उडवायचाच नाही, ओली दोरी आणि वीज हे एकत्र नको.

जोर किती हवा? साधारण 12 ते 25 किलोमीटर ताशी. माडाच्या झावळ्या सतत हलतायत आणि समुद्रावर इकडे तिकडे पांढरी फेसाळ टोकं दिसायला लागली म्हणजे योग्य वेळ. सगळा समुद्रच पांढरा दिसत असेल तर घरी चहा प्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही चौपट होते. पावसाळ्यातला वारा तर विचारूच नका, 1 जूनपासून होड्या सुद्धा वर ओढलेल्या असतात.

आणि भरती. यासाठी जुना हिशोब पुरतो, तिथीला पाऊणने गुणा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. चतुर्थीला 3 वाजता भरती, म्हणजे नेमका वारा चांगला असताना किनारा उरतच नाही. द्वादशीला 9 ला भरती, म्हणजे ओहोटी दुपारी 3 च्या सुमाराला, कडक ओली वाळू, लांबच लांब मैदान. एकादशी ते चतुर्दशी या माझ्या पतंगाच्या तिथ्या आहेत, घरी आई म्हणते एकादशीला देवळात जायचं सोडून हा वाळूत जातो.

रापण लागलेली असेल तर त्या बाजूला फिरकू नका, त्यांचं पोट आहे ते. कासवांची अंडी ठेवलेली कुंपणं असतात तिथूनही लांब.

जोडताना

इथे फार काही नाही. मधल्या टी-पीसमध्ये म्हणजे टीच्या आकाराच्या जोडात खालच्या दोन्ही कांड्या पूर्ण आत गेल्यात का ते बघा, एक अर्धवट असेल तर पतंग वाकडा उडतो आणि पहिल्याच आपटीत ती कांडी कापड फाडून बाहेर येते. मागे कापडाला ताण देणाऱ्या दोन बारीक दांड्या असतात त्या निसटलेल्या नाहीत ना. रबरी कनेक्टर दोन्ही पंखांवर सारख्या उंचीला हवेत, सरकू नयेत म्हणून मी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घालतो. कार्बनची कांडी तडकली तर बोट फिरवून बघू नका, तुसं जातात आणि निघता निघत नाहीत.

हात

पतंग उडवणारा नवीन माणूस लगेच ओळखू येतो, दोन्ही हात डोक्याच्या वर आणि मोटारीचं स्टिअरिंग फिरवल्यासारखं करतो. हात कमरेशी, कोपर अंगाजवळ, आणि वळायला फक्त वीतभर ओढ. सोडताना मदतीला पोरगा उभा करून त्याला पतंग वर भिरकवायला सांगू नका. पतंग टेकवून थोडा मागे कललेला ठेवा, एक पाऊल मागे जात दोन्ही हात सारखेच खाली ओढा, आपोआप चढतो.

दोऱ्यांना पीळ पडला की माणूस घाबरतो. तीन गोल डावीकडे मारले की तीन पीळ पडणारच, डायनीमा गुळगुळीत असल्यामुळे पाच-सहा पिळांपर्यंत पतंग व्यवस्थित ऐकतो. पीळ असताना सुद्धा उजवा ओढला की उजवीकडेच जातो! इथे बऱ्याच जणांना वाटतं दोऱ्या क्रॉस झाल्या म्हणजे आता उलटं, आणि तेच उलटं करून आपटतात. स्वतःभोवती गरगर फिरायची पण गरज नाही, तेवढेच गोल उलट्या बाजूला मारा.

आणि पडणारच असेल तर ओढू नका. हे जमायला मला एक अख्खा सीझन गेला, कारण घाबरलं की हात आपोआप मागे येतात आणि पतंग आणखी जोरात जमिनीत घुसतो. दोन्ही हात पुढे टाका, पतंगाकडे दोन पावलं धावा, दोऱ्या सैल पडल्या की तो पानासारखा पडतो.

कन्नीला सगळ्यात शेवटी हात लावा

दोऱ्या सारख्या, कांड्या जागेवर, वारा नीट, तरी चढत नाही, मग कन्नी. आधी पेनाने मूळ जागेवर खूण करा, ही खूण नसेल तर परतीचा रस्ता नाही. दोरी बांधायचा बिंदू नाकाकडे सरकवला की पतंग कमी वाऱ्यात सहज चढतो आणि वेगात पळतो पण वळायला आळशी होतो. शेपटीकडे सरकवला की ओढ वाढते, तीक्ष्ण वळतो, पण वारा भरपूर लागतो, नाही तर जागेवरच अडखळतो. एका वेळी 3 ते 5 मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना सारखंच. बोटभर सरकवून "काय फरकच पडत नाही" म्हणणाऱ्याला खरं तर इतका फरक पडलेला असतो की पतंग उडायच्याच बाहेर गेलेला असतो.

चार दोऱ्यांवाले

इथे चारही दोऱ्या आधी सारख्या करा, मग बाकीचं. हँडलच्या वरच्या टोकाच्या दोऱ्या पतंगाच्या वरच्या कडेला, खालच्या टोकाच्या खाली, त्या ब्रेक. हँडल उलटं धरलं की अर्धा तास काहीच कळत नाही. पतंग जमिनीवरून उठतच नाही, थरथरून मागे बसतो, तर ब्रेक फार ताणलेले आहेत, खालच्या दोऱ्या एक गाठ सैल सोडा. उलट वर नुसता पळतो, थांबत नाही, मागे येत नाही, तर ब्रेक सैल आहेत. एका वेळी एकच गाठ बदला. हवेत जागच्या जागी उभा राहायला लागला म्हणजे जमलं.

घरी आल्यावर

खाऱ्या हवेत उडवलेला पतंग तसाच पिशवीत भरू नका. मिठाचे कण आणि बारीक वाळू दोरीला कापतात. गोड्या पाण्यात दोऱ्या बुचकळून सावलीत वाळवा, कापडावरून ओला फडका फिरवा. गुंडाळताना पट्टे आधी आत, मग दोन्ही दोऱ्या एकत्र आठच्या आकड्यात, पतंगाकडची टोकं शेवटी बाहेर. म्हणजे पुढच्या वेळी आधी पतंगाला जोडून मागे चालत सोडत जाता येतं.

पावसाळ्यात चार महिने माळ्यावर ठेवणार असाल तर पत्र्याच्या डब्यात ठेवा. गेल्या वर्षी मी पतंग आणि दोऱ्या कापडी पिशवीत ठेवल्या होत्या, पतंगाला काही झालं नाही पण उंदराने चारातल्या दोन स्लीव्ह कुरतडल्या, त्या पण दोन्ही उजव्याच.