पुसलेले बुकमार्क परत मिळाले
घरच्या संगणकावर फायरफॉक्स या ब्राउझरमधील बुकमार्क (जपून ठेवलेले वेबपत्ते) आवरताना, सातबारा, वीजबिल आणि आईच्या औषधांची पाने जपून ठेवलेला अख्खा फोल्डरच माझ्या हातून डिलीट झाला आणि दुसऱ्या दिवशी ते लक्षात आल्यावर पोटात गोळाच आला. (तेव्हाच कळले असते, तर त्याच खिडकीत कंट्रोल-झेड दाबून भागले असते.) कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून लायब्ररी, म्हणजे बुकमार्क सांभाळायची खिडकी उघडली, तिथे ‘इंपोर्ट अँड बॅकअप’मधील ‘रिस्टोअर’खाली तारखांची यादी होती, कारण फायरफॉक्स बुकमार्कच्या १५ पर्यंत प्रती आपणहून राखून ठेवतो. मात्र जुनी प्रत आणली की सध्याचे सगळे बुकमार्क जातात, म्हणून आधी ‘बॅकअप’ने आजची प्रत डेस्कटॉपवर ठेवली आणि मगच परवाची तारीख निवडली. फोल्डर त्याच क्रमाने, जसाच्या तसा परत आला.