थरोब्रेड घोड्याची नोंदणी अन् परदेशातली रेस: घोडं नेमकं कुठे पेंड खातं? या चुका टाळा

थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच्या खास जातीचा घोडा घेताना लोक पाय बघतात, चाल बघतात, आईबाप कोण ते विचारतात, लिलावाच्या कॅटलॉगची पानं तोंडपाठ करतात आणि कागदांचं काय म्हटलं की "ते ट्रेनर बघून घेईल". मग होतं काय, घोडा एकदम फिट, विमानाचं बुकिंग झालेलं, जॉकी ठरलेला आणि घोड्याच्या पासपोर्टातल्या एका लशीच्या तारखेवर सगळं अडतं. ह्या खेळात वेळेवर भरलेली फी बहुतेक वेळा किरकोळ असते, तीच गोष्ट उशिरा केली की आकडा बघून डोळे पांढरे होतात. अमेरिकेतल्या ट्रिपल क्राऊनचंच, म्हणजे तीन मोठ्या रेसच्या मालिकेचंच बघा, लवकर नाव दिलं तर ६०० डॉलर, मुदत चुकली तर ६,००० आणि तीही चुकली तर त्यातल्या नुसत्या केंटकी डर्बीच्या सप्लिमेंटरीलाच, म्हणजे अगदी उशिराच्या नोंदीलाच, २ लाख डॉलर. घोडा तोच बरं का, फक्त कॅलेंडर पुढे सरकलं.

शिंगराच्या आधी त्याचा कागद जन्मतो

पहिली चूक इथेच होते. लोकांना वाटतं शिंगरू झालं की नोंदणी करू. पण थरोब्रेडची नोंदणी स्टड बुकात, म्हणजे ह्या जातीच्या वंशावळीच्या अधिकृत वहीत होते आणि स्टड बुकाला आधी घोडी कुठल्या नराला, कधी दाखवली हेच हवं असतं. म्हणून अमेरिकेत नर घोड्याच्या मालकाने त्या वर्षी किती घोड्या दाखवल्या गेल्या त्याचा रिपोर्ट १ ऑगस्टपर्यंत द्यायचा असतो, शिंगरू जन्मलं की घोडीवाल्याने ३० दिवसांत कळवायचं आणि वर्षाच्या आत नोंदणी पूर्ण करायची. ह्यातली एक कडी तुटली तरी पुढचं अडतं. नराची फी थकलेली असेल तर सर्व्हिस सर्टिफिकेट, म्हणजे संयोगाचा दाखला मिळत नाही आणि ते नाही म्हणजे नोंदणी नाही, मग शिंगरू कितीही देखणं असू दे.

आणि संयोग नैसर्गिकच पाहिजे. कृत्रिम रेतन, भ्रूण दुसऱ्या घोडीत ठेवणं, क्लोनिंग, ह्यातून झालेलं शिंगरू थरोब्रेड म्हणून कुठल्याच मान्यताप्राप्त स्टड बुकात जात नाही. रक्त शंभर टक्के थरोब्रेड असलं तरी नाही. ऑस्ट्रेलियात एकाने ह्याविरुद्ध थेट कोर्टात धाव घेतली होती, २०१२ च्या डिसेंबरात फेडरल कोर्टाने बंदी कायम ठेवली. त्यामुळे "गोठवलेलं वीर्य मागवलं तर विमानखर्च वाचेल" अशी आयडिया कोणी दिली तर हात जोडा आणि पुढे चला.

आता डीएनए. आईबापांची खात्री केसांच्या नमुन्यावरून करतात आणि तिथे एक बावळट चूक नेहमी होते, केस कात्रीने कापून पाठवतात. केस मुळासकट उपटलेला पाहिजे, डीएनए मुळात असतो, कापलेल्या टोकाचा काही उपयोग नाही. रिपोर्ट जुळला नाही तर लगेच घाबरू नका, फसवणूक झाली असंच नसतं. बऱ्याचदा एकाच दिवशी एकाच फार्मवर चार शिंगरांचे केस काढले जातात आणि पाकिटं बदलतात. दुसरं कारण म्हणजे घोडी त्या हंगामात दोन नरांना दाखवलेली असते आणि फॉर्ममध्ये एकच लिहिलेला असतो. दोन्ही लिहा, नमुना पुन्हा द्या, बहुतेक वेळा सुटतं.

मायक्रोचिपचा नंबर १५ आकडी असतो, मानेत डाव्या बाजूला बसवतात. तो हाताने लिहू नका, स्टिकर चिकटवा. एक आकडा उलटसुलट झाला की परदेशातल्या रेसकोर्सवर स्कॅनर वेगळं बोलणार आणि पासपोर्ट वेगळं. ह्यात मोठमोठे लोक फसलेत. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये यारमथला दोन वर्षांच्या घोड्यांच्या रेसमध्ये मिलीज किस नावाने जी फिली (तरुण घोडी) सट्ट्याच्या ५०-१ भावाने जिंकली ती प्रत्यक्षात तीन वर्षांची मँडरिन प्रिन्सेस निघाली, तेही निकाल लागल्यावर कळलं. २०२० ला न्यूमार्केटच्या फिलीज माइलमध्ये तर आयर्लंडहून आलेल्या एकाच तबेल्याच्या स्नोफॉल आणि मदर अर्थ ह्या दोघींची अदलाबदल झाली, तिसरी आली म्हणून स्नोफॉलचं नाव लागलं आणि पळाली होती मदर अर्थ. ४,००० पौंड दंड झाला. पुढच्या वर्षी त्यातली एक वन थाउजंड गिनीज ही मानाची रेस जिंकली आणि दुसरी ओक्स, तीही १६ घोड्यांच्या लांबीएवढ्या फरकाने, म्हणजे ही काही कुठल्या कोपऱ्यातली घोडी नव्हती हो.

वाढदिवस सगळ्यांचा एकच, पण कुठला?

उत्तर गोलार्धात सगळे थरोब्रेड १ जानेवारीला एक वर्षाने मोठे होतात, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत १ ऑगस्टला आणि दक्षिण अमेरिकेत १ जुलैला. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं उत्तरेतलं शिंगरू दुसऱ्या दिवशी कागदावर एक वर्षाचं. ब्रीडर म्हणूनच घोडीच्या दिवसांचा हिशोब बोटावर मोजत बसतात.

गोंधळ होतो तो घोडा विषुववृत्त ओलांडतो तेव्हा. ऑस्ट्रेलियात सप्टेंबरमध्ये जन्मलेला घोडा युरोपात आणला की तो तिथल्या त्याच वयोगटातल्या घोड्यांपेक्षा सहा-सात महिने लहान असतो. त्यासाठी बऱ्याच वेट-फॉर-एज, म्हणजे वयाप्रमाणे वजन ठरणाऱ्या रेसमध्ये वजनाची वेगळी सूट असते, पण ती मिळते का आणि किती हे त्या त्या रेसच्या अटींमध्ये वाचावं लागतं, आपोआप मिळेल असं धरून चालू नका. आणि तीन वर्षांच्या घोड्यांच्या क्लासिक, म्हणजे सगळ्यात मानाच्या रेसचं स्वप्न असेल तर घोडा विकत घेण्याआधीच जन्मतारीख बघा, नंतर बघून काय उपयोग, वरातीमागून घोडं.

नावापुढे कंसात येणारा देश कोणता तर जिथे शिंगरू जमिनीवर आलं तो. गर्भ कुठे राहिला ह्याला अर्थ नाही. आयर्लंडमध्ये गाभण राहिलेली घोडी विमानाने अमेरिकेला नेली आणि तिथे व्याली तर शिंगरू अमेरिकन. काही देशांत स्थानिक पैदाशीला बोनस बक्षिसं असतात, त्यामुळे घोडी हलवायच्या आधी हा हिशोब करा.

नाव

इथे लोक भावनेच्या भरात वाहतात. स्पेस, ॲपॉस्ट्रॉफी सगळं धरून १८ अक्षरं, त्याच्या वर नाही. जपानात तर काताकाना लिपीत २ ते ९ अक्षरंच. अमेरिकेत जिवंत माणसाचं नाव त्याच्या लेखी परवानगीशिवाय चालत नाही, रेसकोर्सचं नाव नाही, ग्रेडेड (वरचा दर्जा दिलेल्या) रेसचं नाव नाही, ब्रँडची जाहिरात वाटेल असं नाही, अश्लील तर नाहीच. शिवाय जगभरच्या नामवंत विजेत्यांची नावं संरक्षित आहेत, ती पुन्हा कोणालाच मिळत नाहीत. म्हणून एकच लाडकं नाव पाठवून वाट बघत बसू नका, पसंतीच्या क्रमाने पाच-सहा द्या. सेक्रेटेरिएट ह्या अमेरिकेतल्या गाजलेल्या घोड्याच्या वेळी सुद्धा आधी सुचवलेली बरीच नावं नाकारली गेली होती, म्हणजे आपण कोण?

बदलायचं असेल तर पहिली रेस पळायच्या आधी बदला. अमेरिकेत एकदा घोडा पळाला की नाव पक्कं. हाँगकाँगला मात्र विकत आणलेल्या घोड्यांची नावं सर्रास बदलतात, ब्यूटी जनरेशन आधी माँटेन म्हणून पळायचा. अशा घोड्याचा जुना रेकॉर्ड शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर एन्ट्री फॉर्ममध्ये अर्धीच कारकीर्द भरली जाते आणि हँडिकॅपर, म्हणजे घोड्याने किती वजन वाहायचं ते ठरवणारा, चुकीचा घोडा समजून बसतो.

परदेशी जाताना: कोणतं ऑफिस कशाचं, हे आधी डोक्यात पक्कं करा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. तीन वेगवेगळी ऑफिसं आहेत आणि एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही. घोडा कोण आहे हे स्टड बुक सांगतं, तो पळायला मोकळा आहे का, कुठे बंदी तर नाही ना, हे रेसिंग अथॉरिटी सांगते आणि त्याला रोग नाही हे सरकारी पशुवैद्यक सांगतो. कस्टम्स हा चौथा, तो कोणाचंच ऐकत नाही.

नुसतं रेस पळून परत यायचं असेल तर घोडा जिथे ट्रेन होतो तिथल्या रेसिंग अथॉरिटीकडून रेसिंग क्लिअरन्स नोटिफिकेशन जातं, त्यालाच आरसीएन म्हणतात. कायमचा चालला असेल तर स्टड बुकाचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट आणि पासपोर्टवर शेरा. आता चूक कशी होते बघा, घोडा आरसीएनवर जातो, तिथे चांगला पळतो, कोणीतरी जागेवर मोठी ऑफर देतं, मालक खूश होऊन विकून टाकतो आणि मग महिनाभर नवीन मालक ओरडत बसतो की माझी एन्ट्री घेत नाहीत. घेणार कसे, कागदावर घोडा अजून पाहुणाच आहे. विकलात तर त्याच दिवशी मूळ देशातल्या स्टड बुकाला एक्स्पोर्ट सर्टिफिकेटचा अर्ज करा आणि मालकीबदलाची नोंद करा. घोडी ब्रीडिंगसाठी तात्पुरती चालली असेल तर तिचं क्लिअरन्स पुन्हा वेगळं, रेसिंगचं चालत नाही.

ब्रिटन आणि युरोपातल्या फेऱ्यांना आता जुन्या सवयीने निघू नका. पूर्वी ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्समध्ये त्रिपक्षीय करारामुळे थरोब्रेड जवळपास बिनबोभाट ये-जा करायचे. २०२१ पासून ब्रेक्झिटमुळे हेल्थ सर्टिफिकेट, रक्ततपासणी, सीमेवरची तपासणी आणि कस्टम्सची तात्पुरत्या आयातीची कागदपत्रं असं सगळं लागतं. एटीए कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कस्टम्स कागदावर नेलेला घोडा तिकडे विकला की कर आणि ड्युटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

लशीच्या तारखा हा दुसरा सापळा. इन्फ्लुएन्झाच्या डोसांमधलं अंतर दिवसांत मोजतात, "साधारण सहा महिने" असं तिथे चालत नाही. एक दिवस चुकला तर कोर्स पहिल्यापासून, शिवाय लस दिल्यावर लगेच काही दिवस पळता येत नाही. प्रत्येक डोसला पासपोर्टात व्हेटची सही, शिक्का आणि लशीचा बॅच नंबर आहे का ते घोडा तबेल्यात असतानाच बघा, विमानतळावर नाही. एवढी कटकट का करतात? २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात हा फ्लू शिरला तेव्हा तिथलं रेसिंग ठप्प झालं होतं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनने सहा दिवस एकही रेस होऊ दिली नाही.

ऑस्ट्रेलियाला मेलबर्न कपसाठी जायचं तर निघण्याआधी दोन आठवडे क्वारंटाईन, उतरल्यावर पुन्हा दोन आठवडे. २०२० च्या कपमध्ये अँथनी व्हॅन डाइक हा घोडा मेला, त्यानंतर बाहेरून येणाऱ्या घोड्यांना पायांचं सीटी स्कॅन सक्तीचं झालं. स्कॅनमध्ये व्हेटला काही खटकलं तर घोडा पळत नाही, अपील वगैरे डोक्यात आणू नका. म्हणून मोठा खर्च करण्याआधी स्कॅन, नंतर विमान.

औषधांबद्दल एकच सांगतो, घरी चालतं ते तिकडे चालेलच असं नाही. अमेरिकेत वर्षानुवर्षं रेसच्या दिवशी लॅसिक्स (फुप्फुसातला रक्तस्राव रोखायचं औषध) देत आले, युरोपात, हाँगकाँगमध्ये, जपानमध्ये रेसच्या दिवशी ते बंदच आहे. आणि मलमातून गेलेलं औषध सुद्धा नमुन्यात दिसतं. २०२१ ची केंटकी डर्बी जिंकलेल्या मेडिना स्पिरिटच्या नमुन्यात बीटामेथासोन हे सूज उतरवायचं औषध सापडलं, बचावात त्वचेच्या मलमाचं कारण सांगितलं गेलं, तरी पुढच्या फेब्रुवारीत जिंकलेली डर्बी काढून घेतली. तबेल्यातल्या प्रत्येक ट्यूबची नोंद ठेवा.

एन्ट्री फी: एकदा नाही, टप्प्याटप्प्याने कापतात

नवीन मालकाला वाटतं एन्ट्री म्हणजे एकच पावती. मोठ्या रेसमध्ये आधी नोंद, मग ठराविक तारखांना "अजून आहे" म्हणून पुढचा हप्ता, शेवटी पळायची फी. केंटकी डर्बीत नॉमिनेशन वेगळं, शिवाय एन्ट्रीचे २५,००० आणि स्टार्टचे २५,००० डॉलर. घोडा पळणार नाही हे नक्की झालं की लगेच नाव काढा, नाहीतर पुढच्या टप्प्याची फी तुमच्या खात्यावर चढते. अमेरिकेतल्या ब्रीडर्स कपच्या रेससाठी शिंगरू जन्मलं त्याच वर्षी ऑक्टोबरात ४०० डॉलर भरायची सोय गेली अनेक वर्षं आहे, ते विसरलं आणि घोडा चार वर्षांनी चांगला निघाला तर आत यायला लाखात मोजावे लागतात.

मग सप्लिमेंटरी भरणं म्हणजे मूर्खपणा का? अजिबात नाही. गोल्डन हॉर्न ह्या घोड्याच्या लोकांना रक्त बघून वाटत होतं की हा दीड मैल टिकणार नाही, म्हणून इंग्लंडच्या एप्सम डर्बीत नावच घातलं नव्हतं. यॉर्कला डँटे ही रेस जिंकल्यावर ७५,००० पौंड भरले आणि २०१५ ची डर्बी जिंकली. २०२४ ला ब्लूस्टॉकिंग ही घोडी १ लाख २० हजार युरो भरून पॅरिसच्या आर्क रेसमध्ये घातली, तीही जिंकली. घोडा खरंच तयार असेल तर भरा, पण स्वस्तातली तारीख विसरलो म्हणून भरावे लागले असं होऊ देऊ नका.

अटी वाचा हेही ह्यातच आलं. एप्सम डर्बीत खच्ची केलेला घोडा चालत नाही, केंटकीत चालतो, फनी साइड आणि माइन दॅट बर्ड दोघेही खच्ची होते आणि डर्बी जिंकले. २०२४ मध्ये गोलायथ हा घोडा इंग्लंडची किंग जॉर्ज रेस जिंकला पण खच्ची असल्यामुळे त्या वर्षी आर्कला जाऊ शकला नाही. खच्चीकरण झालं की ते ताबडतोब कळवायचं असतं, कागदावर नर आणि पॅडॉकमध्ये गेल्डिंग (खच्ची) असं निघालं तर दंड ठरलेला.

राखीव यादीत असाल तर शेवटच्या मिनिटापर्यंत फोन हातात ठेवा. २०२२ मध्ये रिच स्ट्राइक केंटकी डर्बीच्या राखीव यादीत होता, नावं काढायची मुदत संपायच्या जरा आधी एक घोडा निघाला, हा आत आला आणि ८०-१ भावाने जिंकला. क्लेमिंगमध्ये, म्हणजे पळणारा घोडा ठरलेल्या किमतीला विकत घेता येतो अशा रेसमध्ये, ३०,००० डॉलरला घेतलेला घोडा होता तो!

आणि मालक म्हणून तुमचे स्वतःचे कागद

घोड्याचं सगळं झालं तरी मालक नोंदलेला नसेल तर घोडा पळत नाही. प्रत्येक देशात वेगळं आहे. जपानच्या जेआरए ह्या रेसिंग संस्थेकडे मालक व्हायचं तर सलग दोन वर्षं वर्षाला १ कोटी ७० लाख येन उत्पन्न आणि साडेसात कोटी येनची मालमत्ता दाखवावी लागते, हाँगकाँगमध्ये आधी घोडा आणायच्या परमिटसाठीच ड्रॉ लागतो. ब्रिटनमध्ये मालकाने जॉकीचे रंग सुद्धा नोंदवायचे, तेही ठरलेल्या १८ रंगांतून. चार मित्रांनी मिळून घोडा घेतला असेल तर कोणाचा किती टक्के, बिलं कोणाच्या खात्यातून, विकायचं कोणी ठरवायचं हे भागीदारीच्या कागदात लिहा, कारण एकाची थकबाकी फॉरफिट, म्हणजे थकबाकीदारांच्या यादीवर गेली की अडतो तो चौघांचा घोडा आणि ती यादी दुसऱ्या देशातली रेसिंग अथॉरिटीही मागवून बघू शकते.